भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचं कुठं?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात तिथं घट मांडतात. गोल आखून कडेनं अठरा धान्यं ठेवली जातात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं असतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर. ही घागर म्हणजे समुद्र. रात्री त्या शेतात कुणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, कोणतं धान्य हललं, ते पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगितलं जातं. तीनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा वाघ घराण्यानं सांभाळली आहे आणि ते भाकीत ऐकायला जिल्ह्याबाहेरूनही माणसं येतात. भाकितावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला महत्त्वाची वाटते ती घागर. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर. बहुतेक आजा-आजींनी तो जन्मात पाहिलेला नव्हता. तरी पीकपाण्याचा विचार करताना कुणा जाणत्या शेतकऱ्यानं मांडणीच्या मधोमध समुद्रच ठेवला.

म्हणून मुंबईच्या खाडीकाठच्या पाणथळ जागांबद्दल सातपुड्याच्या पायथ्याला बसून लिहिताना मला अवघडल्यासारखं होत नाही. खारं पाणी आम्हाला परकं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्या आणि संग्रामपूरच्या अनेक गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि किडनीच्या आजारानं घरंच्या घरं खचली आहेत. याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं खारं सरोवर आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते रामसर यादीत गेलं. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारानुसार जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी केली जाते, ती ही. महाराष्ट्रातलं तिच्यातलं पहिलं नाव नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं, दुसरं लोणारचं आणि तिसरं, ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं, ठाणे खाडीचं.

लोणार आणि ठाणे खाडी यांना जोडणारा आणखी एक धागा आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी करून सांगितलं की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळं हे झालं. ते रंगद्रव्य कॅरोटिनॉइड कुळातलं. ठाणे खाडीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचा, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही याच कुळातल्या द्रव्यांचा. रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांतून तो रंग त्याच्या अंगात येतो आणि पिसांपर्यंत पोचतो. ज्या चिखलावर पक्षी चरला, त्या चिखलाची साक्ष त्याच्या पंखांवर असते.

नवी मुंबईत नेरुळला, पाम बीच रस्त्यापलीकडं, दिल्ली पब्लिक स्कूलच्या शेजारी एक तळं आहे. सुमारे तीस एकरांचं. शाळेच्या नावावरून लोक त्याला डीपीएस तलाव म्हणतात. आमच्या तालुक्यातली बरीच पोरं नोकरीसाठी या भागात राहतात, त्यांच्याकडं जाणं होतं. तसा या तळ्यावरही गेलो. भरतीची वेळ होती. तळ्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यात छोट्या रोहितांचा थवा एकमेकांना चिकटून उभा होता. काही एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपलेले. कडेचे काही चरत होते. रोहित डोकं पार उलटं करून चोच पाण्यात घालतो, त्यामुळं वरची चोच खाली येते. जाड जीभ दट्ट्यासारखी मागंपुढं होते, पाणी आत घेते, बाहेर टाकते, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांत शेवाळ अडकून राहतं. छोट्या रोहिताची चोच गडद किरमिजी, जवळजवळ काळी. तो नीलहरित शेवाळावर जगतो. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. तो कोळंबीची पिल्लं, अळ्या, गोगलगायी खातो. एकाच चिखलात दोघांची ताटं वेगळी. काठाकाठानं लांब लाल पायांचे शेकाटे आणि तुतवार आपापल्या घाईत होते. मागं पंधरा-वीस मजली इमारती.

थवा त्या वेळी तिथं का होता, हे कळलं की या तळ्यांवरून चाललेल्या वादाचं मूळ कळतं.

पाणपक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना मैलोगणती चिखल उघडा पडतो. हीच पक्ष्यांच्या जेवणाची वेळ, मग ती भर दुपारी येवो की मध्यरात्री. सहा-साडेसहा तासांनी भरतीचं पाणी चढतं आणि तो सगळा चिखल झाकून टाकतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत हे पाणी चार-पाच मीटर वर येतं. तेवढ्या पाण्यात ना रोहित उभा राहू शकतो, ना बोटभर पायांचा तुतवार. मग हजारो पक्षी उठतात आणि उथळ पाण्याची, मोकळी, चहूकडून नजर पोचेल अशी जागा शोधतात. नेरुळचा डीपीएस तलाव, जवळच्या एनआरआय संकुलामागचं आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळचं पाणथळ, उरणचं पाणजे, मुंबईच्या बाजूला भांडुप उदंचन केंद्राजवळची तळी, या सगळ्या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा. पाणी ओसरलं की पक्षी पुन्हा खाडीत. दिवसातून दोनदा ही ये-जा चालते.

राज्य शासनानं ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून अधिक खारफुटी, बाकी पाणी आणि चिखल. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण हद्द आखली ती खाडीभोवती. ओहोटीची जागा अभयारण्यात आली आणि भरतीच्या बहुतेक जागा बाहेर राहिल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: या जागा बुजल्या, तर पक्ष्यांना अभयारण्याचा उपयोग उरणार नाही. २०१९ च्या सुमारास या संस्थेनं खाडीत सव्वा लाखाहून अधिक रोहितांचा अंदाज बांधला होता. भरतीला एवढे पक्षी हवेत तर तरंगत राहू शकत नाहीत. मे महिन्यात कच्छ-सौराष्ट्राकडं परतण्याआधी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. बसायला जागा न मिळता घिरट्या घालाव्या लागल्या, तर साठवलेलं तिथंच खर्ची पडतं.

२०२४ साली काय झालं, ते आता सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात नेरुळच्या जेट्टीजवळच्या एका फलकावर आदळून काही रोहित मेले. मग उन्हाळ्यात डीपीएस तलाव आटत गेला. भरतीचं पाणी ज्या वाटांनी तळ्यात येत होतं, त्या वाटा जेट्टीच्या रस्त्याच्या कामात बुजल्या, अशी तक्रार पर्यावरण कार्यकर्ते आधीपासून करत होते. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या आसपास, रस्त्यावर, बिथरलेले पक्षी सापडू लागले. एप्रिल-मेमध्ये मेलेल्यांची संख्या दहाच्या वर गेली. २० मेच्या रात्री मुंबईत उतरणारं एमिरेट्सचं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं. पंतनगरच्या वस्तीत चाळीसच्या घरात पक्षी मरून पडले. तो थवा नेमका कोणत्या कारणानं त्या वेळी त्या उंचीवर होता, यावर मतं निरनिराळी आहेत. पण नेहमीच्या जागेवरून उठवलेले पक्षी वाट्टेल तिथून उडतात, हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही.

पुढच्या हिवाळ्यात तळ्यात पाणी होतं, पण वाहतं नव्हतं. साचल्या पाण्यावर शेवाळाची जाड साय धरली आणि रोहितांनी तळ्याकडं पाठ फिरवली. शेवाळ हे तर त्यांचं अन्न! पण चिखलात वाढणारं बारीक शेवाळ वेगळं आणि पाण्यावर तवंग धरून खालचा प्राणवायू संपवणारं शेवाळ वेगळं. भरती आत येऊन बाहेर जात राहिली, तरच तळं जिवंत. या एका गोष्टीपाशी मी पुनःपुन्हा येतो, कारण जवळपास प्रत्येक बातमीत ती हरवते. तळ्यावर भराव पडला की फोटो येतो, आरडाओरडा होतो. रस्त्याखालच्या एका नळाचं तोंड बुजलं की कुणाला दिसत नाही, आणि दोन वर्षांत भराव न टाकताच तळं मरतं. पाणजेलाही तेच घडल्याची तक्रार आहे. शेकडो हेक्टरांची ती जागा, आणि वाद आहे तो भरतीचं पाणी आत येऊ दिलं जातं की नाही, याचा.

खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांना हे शतकानुशतकं माहीत होतं. खाजणात बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची. नको तेव्हा खारं पाणी अडवायचं, हवं तेव्हा आत घ्यायचं. त्याच पाण्यावर भात, मीठ आणि मासे. जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या, खुबे हे सगळं भरतीबरोबर आत येतं. उघाडी राखणं हे गावाचं काम असे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहू लागलं. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले, आणि पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जमीन गेली, तसं ती राखणारं शहाणपणही बाजूला पडलं. नव्या शहराची बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खाली होती, म्हणून नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव आणि भरतीची झडप-दारं केली. खाजणातल्या उघाडीचंच हे मोठं रूप. तेव्हा पाण्याची वाट सोडायची हे आधुनिक नवी मुंबईच्या पायातच आहे. ते बाहेरून कुणी लादलेलं नाही.

न्यायालयांनी या प्रकरणात बरंच काही वाचवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की, खारफुटीची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग. वनशक्ती संस्थेच्या २०१३ च्या याचिकेतून पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी समिती आली. नेरुळच्या एनआरआय-टी. एस. चाणक्य परिसरातला गोल्फ मैदान आणि घरांचा प्रकल्प उच्च न्यायालयानं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रोखला; प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्यामागं रहिवासी होते, मच्छीमार होते, नॅटकनेक्ट संस्थेचे बी. एन. कुमार यांच्यासारखे पत्रांवर पत्रं पाठवणारे कार्यकर्ते होते. सुट्टीच्या सकाळी पाम बीचच्या कडेला मुलाबाळांसह मानवी साखळी करून उभी राहिलेली कुटुंबं होती. महापालिका आपल्या शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, चौकाचौकांत रोहितांचे पुतळे आहेत. या कुटुंबांचं म्हणणं एवढंच होतं की, पुतळ्यांच्या आधी तळी राखा.

अडचण नियमांची आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसानं केलेले साठे पाणथळाच्या व्याख्येतून वगळले. सागरकिनारा नियमांखाली येणाऱ्या जागाही बाहेर. त्यामुळं खाडीकाठचं एखादं तळं पाणथळ आहे की नुसतं साचलेलं पाणी, यावर वर्षं जातात. पक्ष्यांना हा भेद कळत नाही. नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्याचं पाणी, आणि महाराष्ट्राचा पहिला रामसर मान त्यालाच मिळाला. माणसानं केलं म्हणून पाणथळ खोटं ठरत नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

हाँगकाँगकडं पाहावं. शेनझेन शहराच्या उंच इमारतींसमोर माय पो नावाची पाणथळ जागा आहे. मुळात कोळंबीचे तलाव. त्यांना तिथं ‘गेई वाई’ म्हणतात. प्रत्येक तलावाला खाडीकडं उघडणारं दार. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत घ्यायची, वाढवायची, दार उघडून पाणी सोडताना जाळ्यात धरायची. १९८० च्या दशकापासून ही जागा पक्ष्यांसाठी राखली गेली, १९९५ मध्ये रामसर यादीत आली. तिथले व्यवस्थापक आजही हीच दारं हाताळतात: हिवाळ्यात एकेका तलावाचं पाणी उतरवतात, म्हणजे उरल्या मासे-कोळंबीवर पक्षी चरतात, आणि काही तलावांत भरतीच्या वेळी पक्ष्यांना उभं राहता येईल एवढंच पाणी ठेवतात. त्यासाठी शहर थांबवावं लागलं नाही. दारं हाताळणारी माणसं पगारावर ठेवावी लागली.

आपल्याकडंही एक पाऊल पडलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. ठाणे खाडीशी जोडलेल्या, अभयारण्याबाहेरच्या तळ्याला असं संरक्षण देण्याची ही पहिली वेळ. मला यात मनापासून समाधान वाटतं. आता पाहायचं ते एकच: भरतीच्या वाटा कोण साफ ठेवणार, किती दिवसांनी, कुणाच्या पैशानं. तळ्यावर वन खात्याची पाटी लागली आणि नळ बुजलेलेच राहिले, तर पाटीचा काही उपयोग नाही. बाकीची तळी अजून तशीच उघड्यावर आहेत. त्यातच ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानांना पक्ष्यांचा धोका असतो, म्हणून जवळची तळी नकोत, असा सूर निघतो. मला तो उलटा वाटतो. पक्ष्यांची ठरलेली जागा शाबूत असली, तर त्यांची वाटही ठरलेली राहते. ती हिरावली की ते कुठं जातील याचा नेम नाही. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं ठाणे खाडीत सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, आणि पक्षी खाडीतून उठून गुजरातेत कुठं उतरतात, मध्ये कुठं थांबतात, याची नोंद मिळू लागली. अशा माहितीवर विमानांची वेळापत्रकं आणि वाटा ठरवता येतात. तळी बुजवून काही साधत नाही.

आता जरा आमच्याकडं. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पाऊस असा कोसळला की सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी गावं, शेतं, रस्ते धुऊन नेले. खरडून गेलेल्या जमिनींवर अजून पिकं धरत नाहीत. तेव्हा जुनी माणसं बोट दाखवून सांगत होती, इथं नाल्याचं पात्र होतं, इथं पाणी पसरायचं. पाण्याची वाट नेरुळला बुजली काय आणि पायथ्याशी बुजली काय, हिशोब एकच. फरक असा की नवी मुंबईत बोलायला रहिवासी संघटना आहेत, वकील आहेत, रोज फोटो काढणारे हजारो हात आहेत. आमच्या तळ्यांसाठी कोण उभं राहणार?

११ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या प्रत्येक पाणथळ जागेची प्रत्यक्ष पाहणी करून हद्द ठरवा. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रानं उपग्रहावरून केलेल्या ताज्या यादीत देशभरात अशा २,३१,१९५ जागा आहेत. त्यांत आपल्या तालुक्यातली कोणती, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि तहसील कार्यालयात त्यासाठी एक साधा अर्ज पुरतो. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात कुणीही भाग घेऊ शकतो, फक्त दुर्बीण, वही आणि सकाळचे दोन तास लागतात. आमच्या गोराळा आणि राजुऱ्याच्या धरणांवर हिवाळ्यात बदकं, शेकाटे, करकोचे उतरतात. येत्या जानेवारीत शाळेतल्या दहा-बारा पोरांना घेऊन तिथं जा, पक्षी मोजा, तारखेसह आकडे लिहून पाठवा. उद्या कुणी त्या काठावर मुरूम टाकायला किंवा सांडवा बुजवायला आलं, तर हाती पुरावा असेल. आजच कुणाला तरी सोबत यायला सांगून ठेवा.